हातातील पडदा व दारातील ओटा



आजच्या ह्या मंगल प्रसंगी समाजमाध्यमांविषयी चार शब्द निवेदन करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांची सरसकट निंदा करणे हा आमचा हेतू नव्हे. सन २०२० च्या टाळेबंदीत चर्चची द्वारे मिटली, तेव्हा ह्याच पडद्यावरून मिस्साबलिदान घरोघर दिसले. परदेशी गेलेल्या लेकराचे मुख आईबापांस दिसते तेही ह्याच्याच योगे. हा उपकार विसरून चालणार नाही.

परंतु ह्या माध्यमांचे पोट जाहिरातींवर भरते, व जाहिरातींस हवे असते आपले लक्ष. म्हणूनच कितीही सरकविले तरी न संपणारे पान योजिले गेले. सन २००९ मध्ये फेसबुकने पसंतीचे बटण आणिले. आणि बटण दाबिले की कर्तव्य संपले, असे मनास वाटू लागले. आजारी शेजारणीच्या छायाचित्राखाली आपण जोडलेले हात धाडितो. तिच्या घरी पेजेची वाटी मात्र जात नाही. मयताची वार्ता क्षणात गावभर होते, पण खांदा देण्यास कित्येकदा माणसे शोधावी लागतात.

पोप फ्रान्सिस ह्यांनी सन २०१९ च्या जागतिक संपर्कदिनाच्या संदेशात हाच विवेक शिकविला: ज्या जाळ्यामुळे कुटुंब पुढे एका मेजाभोवती जमते व एकमेकांच्या डोळ्यांत पाहते, ते जाळे हितकर होय.

तर आपण एवढाच नेम करू या: जेवताना व रोझरीच्या वेळी यंत्र दूर ठेवावे, आणि आठवड्यातून एकदा तरी कोणा एकाकी माणसाच्या ओट्यावर जाऊन बसावे. हा नेम पाळण्याचे बळ परमेश्वर आपणांस देवो.