चुकीच्या खात्यात टाकलेली नोंद

(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



तब्येतीवर चार शब्द बोला, असं कमिटीने सांगितलं. मी डॉक्टर नाही. बँकेत छत्तीस वर्षं हिशेब तपासले, म्हणून माझ्याच एका चुकलेल्या नोंदीबद्दल बोलतो.

मागच्या वार्षिक सभेत इतिवृत्त मी वाचायचं होतं. दरवर्षी मीच वाचतो. त्या दिवशी घसा बसलाय म्हणून कागद सेक्रेटरींकडे दिला, आठवतंय? घसा ठणठणीत होता. अक्षरंच धड दिसत नव्हती, आणि ते चारचौघांत कबूल करायची लाज वाटली.

सौ. आठ महिने सांगत होती, "अहो, डोळे दाखवून या." माझं उत्तर ठरलेलं, "मोबाईल जास्त होतोय, कमी केला की बरं वाटेल." मोबाईल कमी केला. पुस्तकंही मिटली. शेवटी मुलीने हाताला धरून नेलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. डॉक्टर हसून म्हणाले, "काका, मोबाईलने मोतीबिंदू होत नाही." म्हणजे खर्च वयाचा, आणि मी तो मोबाईलच्या खाती टाकून मोकळा झालो होतो!

ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला. मग डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं आणि स्वतःवर पडताळून पाहिलं. ते सांगतो.

स्क्रीनकडे टक लावून बघताना आपण पापण्या मिटायचं विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटतात, स्क्रीनपुढे त्याच्या निम्म्यावर येतात. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, मग पाणी येतं. वर पंख्याचा झोत तोंडावर असेल तर विचारूच नका. उपाय फुकटचा आहे: दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फूट लांब बघायचं. मी समोरच्या विंगच्या गॅलरीतली तुळस बघतो.

आता एकेक स्क्रीन. मोबाईलवर अक्षर बारीक, म्हणून आपण तो नाकाशी आणतो. त्यापेक्षा अक्षर मोठं करा आणि हात लांब ठेवा. सेटिंग नातवंडं करून देतील. दिवा बंद करून अंधारात वाचू नका.

कॉम्प्युटर हातभर अंतरावर हवा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली. आपल्यापैकी अनेकांचा प्रोग्रेसिव्ह चष्मा असतो. त्यात जवळचा नंबर खालच्या भागात, म्हणून आपण हनुवटी वर करून बघतो आणि मान धरते. मी मानेला मलम चोळत होतो! कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा केला, मलम सुटलं.

मुलीने किंडल दिलं. त्याची गंमत वेगळी. मोबाईलच्या पडद्यातून उजेड थेट डोळ्यांत येतो. किंडलच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे सूक्ष्म कण असतात आणि कागदासारखा बाहेरचा उजेड परतवून अक्षर दिसतं. रात्रीसाठी कडेला बारीक दिवे असतात, त्यांचा उजेड पडद्यावर पडतो. गॅलरीत उन्हातही स्वच्छ दिसतं, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. निरोप वाचायला मोबाईल पुरे, कादंबरी वाचायला मला हेच सोसतं. मात्र पापण्या इथेही मिटायच्या आहेत.

निळ्या प्रकाशापासून वाचवणारा महागडा चष्मा मीही घेतला होता. नंतर कळलं, 2023 साली कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. डोळ्यांचा थकवा अशा काचांनी कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. ते पैसे बुडीत खाती!

शेवटचं आणि महत्त्वाचं. थकलेले डोळे विश्रांतीने बरे होतात. विश्रांती घेऊनही अंधुक दिसत असेल, तर दोष स्क्रीनला देत बसू नका. मोतीबिंदू निदान अंधुक दिसून जाणवतो. काचबिंदू बहुधा काहीच न जाणवता नजर खात जातो, आणि गेलेली नजर परत मिळत नाही. खात्याचं ऑडिट दरवर्षी करतो ना? तसे डोळेही दरवर्षी दाखवा.

येत्या वार्षिक सभेत इतिवृत्त मीच वाचणार आहे. घसा बसला तरी!