सोयरिकीपूर्वीं रक्ताची तपासणी

(गडचिरोली जिल्ह्यांतील एका खेड्यांत धानाची मळणी आटोपल्यावर भरलेल्या पालकसभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण.)



धान घरांत आलें, मंडई झाली, नाटकें पाहून झालीं, आणि आतां घरोघर सोयरिकींचीं बोलणीं सुरू होतील. म्हणूनच मीं हा विषय आज घेतला आहे. पेरणी उरकल्यावर बियाण्याचा विचार करण्यांत कांहीं अर्थ नसतो.

प्रथम माझ्याच चुकीची गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. महिन्यांतून आठ-आठ दिवस गैरहजर राही. आला तरी कवाईतीच्या वेळीं भिंतीला टेकून बसे. विचारलें तर म्हणे, ‘गुरुजी, गुडघे ठणकतात.’ मला तें कामचुकारपणाचें सोंग वाटलें. पौषांतल्या एका थंड सकाळीं मीं त्याला मैदानाला पांच फेऱ्या मारावयास लावल्या. त्या रात्रीं तो वेदनेनें तळमळूं लागला आणि दुसऱ्या दिवशीं त्याला रुग्णालयांत न्यावें लागलें. तेथें रक्त तपासलें तेव्हां रोगाचें नांव कळलें : सिकलसेल.

तोंवर गांवानें आपलें निदान केलेंच होतें. कोणी म्हणे करणी, कोणी म्हणे देवाचा कोप. त्यापायीं दोन कोंबडीं व एक बकरा गेला. त्याच्या आईला तर घरच्यांनींच पांढऱ्या पायाची ठरविली. बंधूंनो, शिकलेला मी आणि न शिकलेला गांव, दोघेहि सारखेच अडाणी निघालों. फरक इतकाच, कीं गांवानें कोंबडीं कापलीं आणि मीं आजारी पोराला पळविलें.

हा रोग म्हणजे काय तें नीट ऐका. आपल्या रक्तांत तांबड्या पेशी असतात. त्या गोल व मऊ असतात, आणि केंसाहून बारीक नळ्यांतून अंग चोरून जात सर्व शरीराला प्राणवायु पोंचवितात. सिकलसेलच्या रोग्याच्या पेशी प्राणवायु सोडल्यावर ताठ होतात आणि विळ्यासारख्या वाकड्या होतात. सिकल म्हणजे विळाच. विळ्यांत विळे अडकले म्हणजे नळी तुंबते, आणि पुढल्या भागाला रक्त न मिळाल्यानें तेथें असह्य कळा येतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस टिकते. ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी पडतें, डोळे पिवळे दिसतात, मूल वाढींत मागें राहतें आणि तापाला लवकर बळी पडतें.

हा रोग कांहीं आपल्याच जंगलांत उपजलेला नाहीं. अमेरिकेंत शिकागो शहरीं हेरिक नांवाच्या डॉक्टरानें १९१० सालीं, ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांत ह्या विळ्यासारख्या पेशी पाहून त्यांची हकीकत छापली. आपल्या देशांत १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींत हा दोष आढळल्याचें प्रसिद्ध झालें. मध्यंतरीं १९४९ सालीं पॉलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं दोष रक्तांतल्या हिमोग्लोबिन ह्या द्रव्यांत आहे. पुढें इंग्रॅम ह्या शास्त्रज्ञानें तर तो नेमका कोठें आहे तेंहि शोधलें. हिमोग्लोबिनच्या एका माळेंत १४६ मणी धरले, तर त्यांतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. एका मण्याच्या फरकानें एवढा घोर! येथें करणी कोणाची आणि कोप कोणत्या देवाचा?

आतां हा बदललेला मणी मुलाकडे येतो कोठून? तुम्ही सारे धानकरी आहांत, म्हणून धानावरूनच सांगतों. चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीड तालुक्यांतल्या नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे तुम्हांला माहीत आहेत. ३ जून २०१८ रोजीं ते वारले. थोडकी जमीन आणि थोडकी शाळा, एवढेंच त्यांचें भांडवल. १९८३ सालीं पटेल-३ ह्या धानाच्या बांधींत त्यांना कांहीं लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनीं त्या खुडून वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षें निवड करीत बारीक तांदळाचें एक नवें वाण काढलें. त्याला घड्याळावरून एचएमटी हें नांव पडलें आणि तें पुष्कळ प्रांतांत पसरलें. दादाजींनीं लोंबीचा गुण बियाण्यांत शोधला. तिची जन्मपत्रिका मांडली नाहीं.

पण धान आणि माणूस ह्यांत एक भेद आहे. धानाचें फूल बहुतेक आपल्याच परागानें फळतें, म्हणून एक चांगली लोंबी जपली तर वाण टिकून राहतें. माणसाचें बीज दोन घरांतून येतें. आपल्या शरीराच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांवर जनुकें असतात, म्हणजे शरीर कसें घडवावें ह्याचे लेखच म्हणाना. प्रत्येक जोडींतलें एक गुणसूत्र आईचें आणि एक बापाचें. आई-बाप आपल्या दोन लेखांपैकीं एकच मुलाला देतात, आणि तो कोणता द्यावा हें त्यांच्या हातीं नसतें. सिकलचा लेख अकराव्या जोडीवर असतो. दोन्ही लेख चांगले, तर माणूस निरोगी. एक चांगला व एक सिकलचा, तर तो वाहक : त्याला रोग नाहीं, तो नांगर धरतो, रोवणी करतो, ऐंशी वर्षें जगतो, आणि बहुधा त्याला पत्ताहि नसतो. दोन्ही लेख सिकलचे, तरच रोगी.

हें मीं वर्गांत चिंचोक्यांनीं शिकविलें. चिंचोका फोडला म्हणजे त्याची पाठ काळी आणि पोट पांढरें. एक फोड आईची, एक फोड बापाची; दोघेहि वाहक धरा. दोन्ही फोडी एकदम टाका. दोन्ही पांढरीं पोटें वर आलीं तर मूल निरोगी, एक काळी व एक पांढरी आली तर वाहक, दोन्ही काळ्या आल्या तर रोगी. चिंचोका एखाद्या बाजूला झुकतो म्हणून पुढें आम्हीं नाणीं घेतलीं. मुलांनीं शेंकडों वेळां टाकून पाहिलें : सुमारें चौथा हिस्सा निरोगी, अर्धा हिस्सा वाहक, चौथा हिस्सा रोगी.

येथें एक मोठी गैरसमजूत होते. पुष्कळ जण म्हणतात, ‘पहिलें मूल आजारी निघालें, चारांतला एक झाला, आतां पुढचीं तीन चांगलीं.’ असें नाहीं! मागें काय पडलें तें नाण्याला आठवत नसतें. प्रत्येक बाळंतपणाला नाणें नव्यानें पडतें. ह्या चुकीच्या हिशेबानें एकाच घरांत दोन-दोन, तीन-तीन लेकरें दुखण्यांत पडतात.

माय-बहिणींनो, आतां तुमच्यासाठीं. रोगी मुलाकडे सिकलचा एक लेख आईकडून आणि एक बापाकडून आलेला असतो. दोघांचा हिस्सा सारखा. मग सुनेला एकटीला दोष देणाऱ्यांनीं आधीं आपल्या लेकाचें रक्त तपासून घ्यावें. तीच गोष्ट मुलगा-मुलगीची. आईजवळ द्यावयास एकाच जातीचें लिंगसूत्र असतें. बापाजवळ दोन तऱ्हेचीं असतात, आणि मुलगा कीं मुलगी हें बापाच्या बीजानें ठरतें. तरी मुली झाल्या म्हणून मार मात्र बाईनें खावयाचा! हा न्याय नव्हे, ही शुद्ध अडाणी जबरदस्ती आहे.

कोणी विचारील, हा वाईट लेख आपल्याच लोकांत एवढा कां साचला? त्याचें उत्तर हिंवतापांत आहे. १९५४ सालीं ॲलिसन ह्या डॉक्टरानें पूर्व आफ्रिकेंत दाखवून दिलें, कीं सिकलचा एकच लेख ज्याच्याजवळ आहे, त्याला मारक हिंवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें. आपल्या जंगलांत हिंवतापानें किती घरें बसविलीं हें तुम्हांला सांगावयास नको. त्या तापांतून जे पूर्वज तगले, त्यांत वाहक अधिक होते. त्यांचेच आपण वंशज. तेव्हां हा लेख पापाचें फळ नाहीं. ज्या ढालीनें आजोबा वांचला, तीच ढाल दोन्हीं बाजूंनीं आली म्हणजे नातवाला जड होते, एवढाच अर्थ.

पण साचण्याला दुसरेंहि एक कारण आहे, आणि तें आपण केलेलें आहे. १९१६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं दाखवून दिलें, कीं जातीचें मर्म जातींतल्या जातींत लग्न करण्यांत आहे. हा लेख गोंड, माडिया, परधान ह्यांच्यांत आहे, पूर्वींच्या महारांत आहे, इतर मागास म्हणविणाऱ्या जातींतहि आहे. त्याला उच्च-नीच कळत नाहीं. तो लग्नाच्या वाटेनें चालतो. आपण त्या वाटेला कुंपण घातलें, त्यांत पुन्हां मामाची मुलगी करण्याची चाल. एकाच आजोबाचा लेख दोन्हीं बाजूंनीं फिरून त्याच घरांत येण्याचा संभव वाढतो. डबकें बांधलें तर पाणी साचणारच.

येथें एखादा पंडित चटकन् म्हणेल, ‘पहा, रोग जन्मानें येतो, तशी योग्यताहि जन्मानेंच येते.’ त्याला सांगा, ‘महाराज, जनुकांत हिमोग्लोबिनची कृति लिहिलेली असते, बाराखडी लिहिलेली नसते.’ वेदाचें पाठांतर कोणाच्या बीजांत नाहीं आणि झाडूहि कोणाच्या बीजांत नाहीं. विद्या प्रत्येक पिढीला नव्यानें शिकावी लागते. आणि ज्याला शाळेंत बसूंच दिलें नाहीं, त्याच्या अज्ञानाला आनुवंशिक म्हणणें ही लबाडी आहे.

आतां करावयाचें काय? १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांत शहडोल येथें केंद्र सरकारनें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. सरकारचे संकल्प सरकारच्या पायानें चालतात. आपण आपल्या पायानें चाललें पाहिजे. पहिली तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. तींत दोष दिसला तर पुढली पक्की तपासणी करून माणूस वाहक कीं रोगी हें ठरवितात. आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवितील.

लग्नाचा हिशेब सोपा आहे. वाहक व निरोगी ह्यांच्या लग्नांत रोगी मूल होत नाहीं. रोगी व निरोगी ह्यांच्या लग्नांतहि होत नाहीं; मुलें वाहक होतात इतकेंच. दोघेहि वाहक असले, एक वाहक व एक रोगी असला, किंवा दोघेहि रोगी असले, तरच धोका. तेव्हां वाहक मुलीला नाकारणें हा मूर्खपणा आहे. तपासावयाचें असतें तें दोघांनाहि. पंचांगवाला छत्तीस गुण जुळवून दक्षिणा घेतो. पण ज्या एका गुणानें लेकरूं रडणार आहे, तो त्याच्या पंचांगांत नाहीं. दोघे वाहक ज्यांचें लग्न होऊन गेलें आहे, त्यांनीं भिऊं नये. दिवस राहतांच डॉक्टरांना सांगावें. पोटांतल्या गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयांत होऊं शकते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा. गांवानें त्यांत तोंड घालूं नये.

रोगी मुलाला पाणी भरपूर पाजा, थंडींत ऊब द्या, लसी चुकवूं नका. ताप आला तर रात्र काढूं नका, सरळ रुग्णालय गांठा. हायड्रॉक्सियुरिया नांवाच्या औषधानें कळांचे झटके कमी होतात. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावें. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यांत सिकलसेलचा समावेश आहे. हक्क मागतांना लाजूं नका. आणि माझ्या शिक्षकबंधूंना हात जोडून सांगतों, पोर भिंतीला टेकून बसलें तर छडी खालीं ठेवून आधीं त्याला पाणी द्या.

तो मुलगा आज आठवींत आहे. औषध घेतो, हिशेबांत हुशार आहे. त्याच्या मोठ्या बहिणीची सोयरीक ह्या वर्षीं निघेल. ती वाहक आहे. घरच्यांनीं तिचें कार्ड पेटीच्या तळाशीं लपविलें होतें; मुलीचें नांव खराब होईल ही भीति. ते मला म्हणाले, ‘गुरुजी, दुसऱ्याच्या पोरीला उपदेश सोपा आहे.’ खरें आहे. म्हणून मीं स्वतःचें रक्त तपासून घेतलें. हें माझें कार्ड. मी वाहक आहें. माझी बायको वाहक नाहीं, हें आमचें नशीब. आम्हीं लग्नाच्या वेळीं कांहींच तपासलें नव्हतें. माझ्या मुलांचीहि तपासणी झाली आहे. तीं मोठीं झालीं कीं आपला निकाल आपण सांगतील.

हें कार्ड मी या टेबलावर ठेवीत आहें. सभा संपल्यावर हातांत घेऊन पहा; त्याला हात लावल्यानें कोणी वाहक होत नाहीं. त्या मुलीच्या वडिलांनीं काल मला निरोप धाडला आहे, कीं पाहुणे आले म्हणजे पानसुपारीच्या ताटांत तेंहि कार्ड ठेवूं, आणि मुलाचें मागूं. ज्या घरांत लग्नाचीं मुलें आहेत, त्या सर्वांनीं तसेंच करावें, एवढीच माझी विनंती आहे.