यंदा वाण कोणता?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात वाण म्हटले की संक्रांत आठवते. मी आज बोलणार आहे ते दुसऱ्या वाणाविषयी. मृग जवळ आला की ज्याच्या पिशव्या मोंढ्यातून घरी येतात, त्या वाणाविषयी. पिशवी घरात येते, पण कोणती आणावी हे ठरवताना आपल्याला सहसा कोणी विचारीत नाही. शेजारच्याने गेल्या वर्षी काय पेरले होते, दुकानदार काय म्हणतो, एवढ्यावर काम भागते. पुढची खुरपणी, शेंगांची तोडणी, डाळ भरडणे, भाकरी थापणे हे सारे मात्र आपल्याकडे. तेव्हा हा प्रश्न फक्त पुरुषमंडळींचा आहे असे मी मानीत नाही.

"जालना सोने का पालना" असे आपल्याकडे म्हणतात. सोन्याचे राहू द्या, बियाण्याचा पाळणा मात्र हे गाव खरोखरच आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी काढली. त्यांना पुढे १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. इकडे बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि तेथे मुख्यतः कडधान्यांचेच काम चालते. तुरीच्या पिशवीवर बीडीएन ही अक्षरे असतात ना, ती बदनापूरचीच. परजिल्ह्यातले शेतकरी ती तूर नावाने मागून नेतात, आणि आपल्यापैकी कितीजणींना आपल्या शेतातल्या तुरीचे नाव सांगता येईल? "पांढरी" किंवा "लाल" यापलीकडे आपली ओळख जात नाही.

बियाणे घेताना पहिला प्रश्न विचारला जातो तो एकरी किती क्विंटल निघेल हा. माझे म्हणणे असे की, पहिला प्रश्न किती दिवसांत येईल हा असावा आणि दुसरा, माझ्या जमिनीत येईल काय, हा. तुरीचेच पाहा. बीएसएमआर-७३६ ही लाल तूर नामांकित, पण तिला १८० ते १८५ दिवस लागतात. जूनअखेर पेरली तर डिसेंबर उजाडतो. आपल्याकडचा पाऊस बहुधा ऑक्टोबरच्या आरंभी निघून जातो. त्यानंतर तुरीने जगायचे ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. गोदाकाठच्या अंबड-घनसावंगीच्या भारी काळ्या जमिनीत ती ओल टिकते आणि ही तूर तेथे शोभते. पण भोकरदन-जाफराबादकडच्या हलक्या, मुरमाड रानात नोव्हेंबरातच ओल संपते. झाड फुलांनी लगडलेले दिसते, आपण हरखून जातो, आणि शेंगा सोलाव्यात तर आत दाणा चपटा. त्यात बियाण्याचा दोष नसतो, दुकानदाराचाही नसतो. उशिराचा वाण हलक्या रानात पडला एवढेच.

अशा रानासाठी बदनापूरने २०१२ साली बीडीएन-७११ दिली. ही पांढरी तूर दीडशे-पंचावन्न दिवसांत निघते. त्यानंतरची बीडीएन-७१६ लाल आहे आणि १६५ ते १७० दिवस घेते, म्हणजे मध्यम जमिनीला बरी. आणखी एक गोष्ट. ज्या शेतात उभी तूर एकाएकी वाळून जाते, तेथे मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहते. वांझ रोगात झाड हिरवेगार वाढते पण त्याला फूल येत नाही. कोळीसारखा डोळ्यांना न दिसणारा किडा तो रोग पसरवतो. ह्या दोन्ही रोगांना दाद न देणारा वाण घेणे हाच त्यावर खरा उपाय आहे. फवारणीने मर जात नाही. म्हणून "गेल्या साली आपल्या रानात तूर वाळली होती का?" हे दुकानात जाण्याआधी घरात बोलले गेले पाहिजे. निंदताना ते कोणी पाहिलेले असते? आपणच.

मुगाची गोष्ट निराळी. मूग साठ-सत्तर दिवसांचा पाहुणा. जूनमध्ये पेरला की पोळ्याच्या सुमारास घरात येतो आणि गौरी-गणपतीचा खर्च निघतो. पण पाऊस लांबला आणि जुलैचा पहिला पंधरवडा उलटला, तर मूग-उडीद पेरण्याचा हट्ट धरू नये. भुरी आणि किडी त्याचे काही ठेवीत नाहीत. मुगाची तोडणी तर तुम्हां-आम्हांला ठाऊकच आहे. दोन-दोन, तीन-तीन तोड, कंबर वाकवून, वरून श्रावणाची भुरभुर. बदनापूरचा बीएम-२००३-२ हा वाण ६५ ते ७० दिवसांत येतो आणि त्याच्या शेंगा बहुतेक एकदमच पक्व होतात. उत्पन्नाच्या तक्त्यात बाईच्या कंबरेचा रकाना नसतो, म्हणून तो आपणच मांडावा लागतो!

आता भाकरीकडे वळू. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली, पुढच्याच वर्षी एचबी-१ ही संकरित बाजरी. पोटे भरली, हे नाकारता येणार नाही. पण खरिपाची ज्वारी दाणा भरताना पावसात सापडली की काळी पडते, आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत गोसावी रोगाने संकरित बाजरीचे फार नुकसान केले. मग सोयाबीन-कपाशी आली आणि ज्वारी-बाजरी बांधाकडे सरकली. आज आपल्यापैकी अनेकींच्या घरी शेत असून भाकरीचे पीठ विकतचे. हे मला खटकते. परभणी विद्यापीठाची "परभणी शक्ती" ही ज्वारी २०१८ साली आली. तिच्या दाण्यात लोह व जस्त जास्त आहे. बाजरीत एएचबी-१२०० हा तसाच लोह जास्त असलेला वाण. दवाखान्यात रक्त कमी आहे म्हणून गोळ्या घेणाऱ्या आपण, एखाद्या एकराचा तरी हट्ट धरायला काय हरकत आहे? आपल्या जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे जुन्याचीही किंमत लोकांना कळू लागली आहे.

परंतु एक भेद लक्षात ठेवा. संकरित बियाणे दरसाल नवे घ्यावेच लागते, घरचे ठेवले तर पुढच्या साली पीक एकसारखे येत नाही. मूग, उडीद, हरभरा, सोयाबीन ह्यांच्या सरळ वाणांचे बी मात्र दोन-तीन वर्षे घरचे चालते. तुरीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात, म्हणून तिचे बी शेताच्या मधल्या भागातून, निरोगी झाडांचे काढावे. सोयाबीनचे साल फार नाजूक, पोते आपटले तरी उगवण घटते. पोत्यांची थप्पी उंच रचू नये, हे घरातल्या मुलांना बजावून सांगा.

घरचे असो की विकतचे, बी पेरण्याआधी उगवण पाहा. नवरात्रात आपण घट बसवतो. त्यात कोणते धान्य कसे रुजले यावरून रब्बीचा अंदाज बांधण्याची जुनी रीत होती. तेच मे महिन्यात करायचे. शंभर दाणे मोजावेत, निवडून नव्हे, मूठ घालून येतील तसे. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून पाणी शिंपडीत जावे. सात दिवसांनी उघडून मोजावे. कडधान्याचे पंचाहत्तर, सोयाबीनचे सत्तर दाणे रुजले तर चिंता नाही. साठच रुजले तर त्या मानाने बी वाढवावे. त्याहून खाली असेल तर ते बी पेरू नये. दुबार पेरणीत बियाण्याचे पैसे तर जातातच, पण गेलेले पंधरा दिवस कोणत्याच दुकानात मिळत नाहीत. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हेही त्यासाठीच.

विकतच्या पिशवीला निळी खूण असेल तर ते प्रमाणित बियाणे, पांढरी असेल तर पायाभूत, पिवळी असेल तर पैदासकार. पावती, रिकामी पिशवी आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर पहिली मागणी ह्याच तीन वस्तूंची होते. औषध चोळलेले बी मुलांच्या व कोंबड्यांच्या हाती लागू देऊ नका. आणि तुरी-मुगाला रायझोबियम लावायचे असेल, तर दहा किलोंना अडीचशे ग्रॅमचे पाकीट. ते सर्वांत शेवटी, बुरशीचे व किडीचे औषध सुकल्यावर.

परभणी विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मे रोजी असतो. त्या वेळी खरीप मेळावा भरतो आणि बियाण्याची विक्री सुरू होते. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत, म्हणजे गाडी ठरवता येईल. त्याआधीच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरच्या तुरीचे, मुगाचे, सोयाबीनचे शंभर-शंभर दाणे वेगवेगळ्या चिंध्यांत बांधून आणावेत आणि चिंधीवर नाव लिहावे. गोणपाट मंडळाचे.