एका उपचाराचा हिशोब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा स्वयंपाकाच्या बाजूला असते. चहा-फराळाचे पाहायचे आणि दाराशी उभे राहून भाषणे ऐकायची, हा माझा शिरस्ता. यंदा चिटणीसबाईंनी मला पुढे उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. अशा बाईने डॉक्टरी विषयावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण मी ज्ञान सांगायला उभी नाही. मी या मंडळाला एक हिशोब देणे लागते, आणि तो द्यायला मला फार उशीर झाला आहे.

२०१९ च्या संक्रांतीला, हळदीकुंकवाच्या दिवशी, आपण सर्वांनी माझ्या धाकटीच्या उपचारासाठी ४२,००० रुपये जमवून माझ्या पदरात घातले. कोणी भिशीचे दिले, कोणी फराळाच्या विक्रीचे दिले. त्या पैशाचे पुढे काय झाले ते मी कधी नीट सांगितले नाही. जे सांगितले ते अर्धेच होते, आणि त्या अर्ध्या सांगण्याने दुसऱ्या एका घराचे नुकसान झाले. आज ते पुरे सांगते.

माझी धाकटी २०१३ साली आठ आठवडे आधी जन्मली. वजन दीड किलो. वीस दिवस काचेच्या पेटीत होती. सहा महिन्यांची झाली तरी मान धरीना. उचलून उभी करावी तर दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर यायचे आणि टाचा वर राहायच्या. वर्ष उलटल्यावर डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, सेरेब्रल पाल्सी. मराठीत कोणी त्याला मेंदूचा पक्षाघात म्हणतात.

त्या दिवसांत मला काय काय ऐकावे लागले ते आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. कोणी म्हणाले, हिने ग्रहणात सुरी धरली. कोणी म्हणाले, कुळाचार राहिला. भगिनींनो, यातले काही खरे नाही. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच बाळाच्या मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते, म्हणून हे होते. बाळ फार अपुऱ्या दिवसांचे असणे, प्राणवायू कमी पडणे, जंतुसंसर्ग, फार वाढलेली कावीळ, अशी त्याची कारणे आहेत. हजार जन्मांमागे सुमारे दोन-तीन मुलांना हा विकार होतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मेंदूची इजा वर्षागणिक वाढत जात नाही. मात्र मूल वाढते, हाडे लांब होतात, आणि ताठरलेले स्नायू त्यांच्याबरोबर वाढत नाहीत. म्हणून ते रोज ताणून मोकळे करावे लागतात. नाही केले तर सांधे आखडतात. एवढी एक गोष्ट मला तेव्हा मनापासून पटली असती, तर आजचे हे भाषण करावे लागले नसते.

२०१८ च्या दिवाळीनंतर तालुक्याच्या गावी एक शिबिर झाले. मोठ्या शहरातल्या एका खाजगी रुग्णालयाची माणसे आली होती. त्यांनी पडद्यावर मुले दाखवली. आधी लोळणारे मूल, मग बसणारे मूल, मग चालणारे मूल. ही किमया स्टेम सेलची, असे त्यांनी सांगितले. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. आपल्या शरीरात अशा काही पेशी असतात की त्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात. हाडाच्या आतल्या मगजातल्या मूळपेशी जन्मभर नवे रक्त तयार करीत असतात. मुलाच्याच कमरेच्या हाडातून तो मगज काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात सोडायच्या. त्या मेंदूपर्यंत जातील आणि मेंदू दुरुस्त करतील, असे आम्हांला समजावले. खर्च पहिल्या खेपेचा साडेतीन लाख. अशा तीन खेपा.

यजमानांनी पतपेढीचे कर्ज काढले. मी माझ्या पाटल्या मोडल्या. राहिलेली भर आपण घातलीत. २०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही तिला घेऊन गेलो. सहा वर्षांचे ते पोर भूल उतरल्यावर कंबर धरून रडत होते, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पुढचे दहा दिवस त्यांनी तिच्याकडून रोज चार-चार तास व्यायाम करून घेतला. घरी परत आलो तेव्हा ती पूर्वीपेक्षा ताठ बसत होती. आम्हांला आभाळ ठेंगणे झाले.

पुढच्याच सभेत मी इथे उभी राहून सांगितले की गुण आला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या दिवशी पलीकडच्या वाडीतली एक बाई बहिणीकडे आली होती, ती मागे बसून ऐकत होती. तिचा मुलगा माझ्या मुलीसारखाच, पण जास्त अधू. माझा शब्द तिने प्रमाण मानला. दोन दुभत्या म्हशी आणि थोडी जमीन विकून तीही मुलाला तिथेच घेऊन गेली.

इकडे आमच्या घरी काय झाले? औषध आत गेले आहे, आता ते आपले काम करील, अशी आमची समजूत झाली. रोजचा व्यायाम आधी अर्ध्यावर आला, मग आठवड्यावर आला, मग बंद पडला. मला वाटे, पोरीला आता कशाला रडवा? सात-आठ महिन्यांत तिच्या पोटऱ्या इतक्या आखडल्या की टाचा जमिनीला टेकेनाशा झाल्या. बसणेही पूर्ववत झाले. तिकडून फोन आला की दुसरी खेप राहिली आहे म्हणून असे झाले, पैसे घेऊन या.

पैसे नव्हते, हे माझे दैव बरे. मी तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या व्यायामाच्या बाईंनी पाय पाहिले, सगळी हकीकत ऐकली आणि शांतपणे एकच प्रश्न विचारला, “ताई, त्या दहा दिवसांत मुलीच्या अंगात नव्या दोन गोष्टी गेल्या. एक पेशी आणि दुसरा चाळीस तासांचा व्यायाम. गुण कशाचा, हे तुम्ही कसं ठरवलंत?”

मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर विचार करता करता मला लोणच्याची बरणी आठवली. समजा, आपण यंदा लोणच्यात नवा मसाला घातला आणि बरणीही नव्या जागी, चांगल्या उन्हात ठेवली. लोणचे छान मुरले. गुण मसाल्याचा की उन्हाचा? ते कळायचे तर दोन बरण्या हव्यात. एकीत नवा मसाला, दुसरीत जुना, आणि दोन्हींना ऊन सारखे. माझ्यापाशी एकच बरणी होती. पडद्यावर दाखवलेली मुले हीसुद्धा एकेक बरणीच. शिवाय मूल वयानेही थोडे पुढे जातच असते, ते निराळेच.

माझी थोरली आता नर्सिंग शिकते. तिने मला वाचून दाखवले की शास्त्रज्ञ असेच दोन बरण्यांचे प्रयोग करतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ६३ मुलांवर असा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१७ साली छापून आला. त्यात मुलांचे जन्माच्या वेळी साठवलेले नाळेचे रक्त शिरेतून दिले होते. कोणाला आधी खरे रक्त आणि कोणाला नुसतेच पाणी, हे आईबापांना कळू दिले नव्हते. वर्षाने पाहिले तर दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक नव्हता. मात्र ज्यांना पेशी जास्त प्रमाणात मिळाल्या होत्या, ती मुले अधिक सुधारली होती. पुढे २०२५ साली निरनिराळ्या देशांतले असे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा नाळेच्या रक्ताने हालचालीत काही सुधारणा होते, आणि ती लहान वयाच्या व सौम्य विकाराच्या मुलांत अधिक दिसते, असे आढळले.

म्हणून मी असे म्हणत नाही की हे सगळे थोतांड आहे. संशोधन चालू आहे, ते चालावे, आणि उद्या त्यातून काही चांगले हाती येवो. पण शेतात पेरलेले अजून खळ्यावर आलेले नाही. ते आलेच आहे असे सांगून आज त्याचा भाव घेणे हे निराळे. शिवाय प्रयोगात आशा दिसली ती नाळेच्या रक्ताची. माझ्या मुलीला दिले ते तिच्याच हाडातले. नाव दोहोंचे एकच, स्टेम सेल. पण वस्तू एक नव्हे.

आपल्या सरकारचे म्हणणेही या बाबतीत स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली नियमावली काढली. रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जेचे रोपण करतात, ती मान्य झालेली उपचारपद्धती आहे. सेरेब्रल पाल्सीसारख्या विकारांत मूळपेशी द्यायच्या तर त्या परवानगी घेतलेल्या चाचणीतच द्यायच्या, आणि चाचणीसाठी रोग्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, असे त्यात सांगितले आहे. आमच्याकडून साडेतीन लाख घेतले, त्याच्या आधीपासून हा नियम होता. आम्हांला तो माहीत नव्हता, आणि कोणी सांगितलाही नाही.

हे कळल्यावर मी त्या वाडीतल्या बाईकडे गेले. तिच्या मुलात काडीचा फरक पडला नव्हता. गोठा रिकामा होता. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “वहिनी, तुम्ही नसतं सांगितलं तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं. आईला कुणीतरी ‘होईल’ म्हणणारं हवं असतं.” तिने मला चहा करून दिला, तो बिनदुधाचा होता. तो घोट माझ्या घशाखाली उतरेना.

आता आजच्या बोलण्याचे कारण सांगते. गेल्या महिन्यात आपल्यापैकी एका काकूंनी नातवासाठी माझ्याकडे त्या रुग्णालयाचा पत्ता मागितला. मी पत्ता दिला नाही, पण नुसते “जाऊ नका” म्हणणेही मला बरे वाटले नाही. आईच्या हातातली आशा काढून घ्यायची तर तिथे दुसरे काही ठेवले पाहिजे. म्हणून जे माझ्या कामी आले ते सांगते.

कोणी मूळपेशींचा उपचार सुचवला तर तीन प्रश्न विचारा. ही चाचणी आहे का, आणि देशाच्या चाचण्यांच्या नोंदवहीत तिचा नोंदणी क्रमांक काय? ही नोंदवही २००७ सालापासून आहे आणि कोणालाही फुकट पाहता येते. दुसरा प्रश्न, पैसे पडणार का? आणि तिसरा, तुलनेला दुसरा गट आहे का? जिथे पैसे मागतात, तिथून पोराला घेऊन उठा.

दुसरे, उशीर करू नका. मूल चार-पाच महिन्यांचे होऊन मान धरीत नसेल, मूठ सदा मिटलेली असेल, एकच बाजू चालवत असेल, तर “होईल हळूहळू” म्हणून थांबू नका. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. व्यायाम, पायाच्या पट्ट्या, प्लास्टर, ताठरपणा कमी करणारी इंजेक्शने, लागल्यास शस्त्रक्रिया, हे उपचार डॉक्टर मुलामुलाप्रमाणे ठरवतात. मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही याच कामाची आहे.

तिसरे, कागदपत्रे करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचे नाव आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामया’ ही विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळू शकतो. आणि पोराला शाळेत घाला. मुंबईला मिठू आलूर यांनी १९७२ साली अशा मुलांसाठी संस्था काढली, ती मुलीच्या निमित्ताने. त्यांची ती मुलगी मालिनी चिब हिने पुढे दोनदा एम. ए. केले आणि एका बोटाने टंकलेखन करून ‘वन लिटल फिंगर’ हे आपले चरित्र लिहिले. प्रत्येक मूल एवढे करील असे नाही. पण अंग चालत नाही म्हणजे बुद्धी चालत नाही, असे कोणी समजू नये.

माझ्या मुलीला दोनदा प्लास्टर घालून टाचा खाली आणाव्या लागल्या. आता पायाला पट्ट्या असतात. सकाळी चाळीस मिनिटे आणि संध्याकाळी चाळीस मिनिटे आम्ही दोघी व्यायाम करतो, सणवार असो की पाहुणे असोत. ती वॉकर धरून वर्गात जाते. एकटी चालत नाही आणि चालेल असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. वाडीतला तो मुलगा आठवड्यातून दोनदा आमच्याकडे येतो. दोन आया, दोन पोरे आणि एक सतरंजी, असा आमचा दवाखाना आहे.

तर हिशोब असा. मंडळाचे ४२,००० रुपये गेले, ते मी परत आणू शकत नाही. पण मंडळापाशी एक मागणे आहे. आपली खोली मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी रिकामी असते. ती अशा मुलांच्या व्यायामाला द्यावी. काकूंचा नातू धरून तीन मुले आजच आहेत. दवाखान्यातल्या बाई महिन्यातून एक रविवार फुकट येऊन शिकवायला तयार आहेत. झाडलोट मी करीन, किल्लीची जबाबदारीही माझी.

आजच्या निमंत्रणाच्या पाकिटांवर नावे कोणी घातली असे काहीजणींनी विचारले. अक्षर जरा वाकडे आहे, पण एकही नाव चुकलेले नाही. ती नावे माझ्या धाकटीने घातली आहेत. तीन दुपारी बसून तिने ते काम पुरे केले.