ती बाई कुठं गेली?



२६ जानेवारी १८३१ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या याच नंदगडात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली गेली. त्याच वर्षी बेळगावात मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी जन्मले. दोघांचं स्मरण करून बोलायला उभा राहतो.

संमेलनाध्यक्षानं मराठी ख्रिस्ती साहित्याचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तशी टिपणं मी काढलीही होती. पण एक गोष्ट कित्येक वर्षं मनात सलते आहे. ती आज बोललो नाही तर राहूनच जाईल. म्हणून टिपणं खिशातच ठेवतो.

आपण छापतो त्या श्रद्धेच्या साक्षी आता खऱ्या माणसांच्या राहिलेल्या नाहीत. कुठलीही स्मरणिका उघडा. मी अंधारात होतो, प्रभूनं हाक मारली, मी नवा झालो. वरचं नाव झाकलं तर हा हलशीचा शेतकरी की निपाणीची विडी कामगार, काही कळत नाही. नवा झाला म्हणजे काय झाला? घरात काय बदललं? याबद्दल एक अक्षर नसतं.

हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारत नाही. तो आधी माझा आहे. मी शाळेत मास्तर होतो, रविवारी धर्मशिक्षक. या तालुक्यातल्या एका वाडीवरच्या म्हातारीची साक्ष मला स्मरणिकेसाठी लिहून द्यायची होती. ती भाताचं तण काढत होती, मी बांधावर वही घेऊन बसलो. ती सांगत गेली. पोराला हगवण लागली होती, पाऊस थांबत नव्हता. दवाखान्यातली नर्सबाई इरलं घेऊन ओढा ओलांडून आली. तीन रात्री राहिली. पोरानं घाण केलेली लुगडी तिनं स्वतः ओढ्यावर नेऊन धुतली. "माझी जात इचारली न्हाई. मीच इचारलं, बाई, तुझा देव कोन?"

हे ऐकून मी घरी आलो आणि लिहिलं की प्रभूनं माझ्या हृदयाचं दार ठोठावलं. रविवारी मिस्सेनंतर ते वाचूनही दाखवलं. म्हातारी शेवटच्या बाकाजवळ उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मास्तर, चांगलं लिवलंयसा. पन हे माझं न्हवं. ती बाई कुठं गेली ह्यातली?"

काल चर्चासत्रात वाद झाला. एक बाजू म्हणाली, शब्दांनी प्रचार नको, सेवा पुरे. दुसरी म्हणाली, नाव न घेता केलेली सेवा म्हणजे अर्धी साक्ष. दोन्हीकडचे विद्वान माझे मित्र आहेत, पण माझा निकाल त्या ओढ्यावर लागला आहे. नर्सबाईनं आधी लुगडी धुतली. विचारल्यावर नाव सांगितलं, लपवलं नाही. हा क्रम मोडू नका.

दुसरा वाद ख्रिस्ती झाल्यावरच्या कुंकवाचा, जुन्या नावांचा. नवी ओळख कशानं ठरते याचा. तेही मी त्या म्हातारीला विचारलं होतं. ती म्हणाली, "कपाळाचं काय इचारतासा? सासूशी माझा अबोला होता. बापतिस्मा घेऊन नऊ वर्सं झाल्यावर एक दिवस गेले आनि तिच्या पाया पडले. त्या दिवशी मी किरिस्ताव झाले." चर्चच्या वहीत तिची तारीख वेगळी आहे. माझ्या मते म्हातारीची तारीख खरी.

खरी साक्ष लिहिण्याची गोष्ट आज अधिक महत्त्वाची झाली आहे. आपल्या कर्नाटकात २०२२ मध्ये झालेल्या कायद्यात धर्म बदलणाऱ्यानं तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना सूचना द्यावी असं आहे. सरकारला एक तारीख हवी असते, आपल्या स्मरणिकांनाही एक तारीखच हवी असते. माणूस मात्र वर्षानुवर्षं बदलत असतो. आमिष दाखवून धर्मांतर केल्याचा आरोप झाला की आपण निवेदनं काढतो. माणसं मनानं कशी बदलली हे खरंखुरं लिहून ठेवलं असतं, तर त्याहून मोठा पुरावा कोणता होता?

माणसांच्या जवळचं लिहायचं हे आपल्या पूर्वसुरींना ठाऊक होतं. नवख्रिस्ती लोकांनी जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी द्या म्हटलं, तेव्हा जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवी हाती घेतली. १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोल इथं त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. बेळगावातच १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी तीन वर्षांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, ते विधवांच्या दुःखावर. आणि लक्ष्मीबाई टिळक! त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांतला राग, रडणं, परत एकत्र आल्यावरही जपलेलं सोवळं, सगळं 'स्मृतिचित्रे'त आहे. म्हणून तर ज्यांचा ख्रिस्ताशी संबंध नाही अशा घरांतही ते पुस्तक वाचलं जातं. आपल्या स्मरणिका आपण तरी वाचतो का?

सीमाभागातल्या साक्षींचा एक संग्रह व्हावा अशी माझी इच्छा आहे. मराठी, कोकणी, कन्नड, ज्याची जी बोली तीत. संपादक कोण, पैसा कुठून, हे पुढे बसून ठरवू.

ती म्हातारी गेली. छापील स्मरणिकेत तिच्या नावाखाली अजून माझीच वाक्यं आहेत. त्या नर्सबाईंचं नाव मी विचारलं नव्हतं, आणि आता सांगणारं कुणी उरलेलं नाही. तुम्ही एवढा उशीर करू नका. आज घरी गेलात की सर्वांत थकलेल्या माणसाजवळ बसा, तुमच्याकडे पहिल्यांदा कोण आलं होतं ते विचारा, आणि जे सांगतील तेच लिहा.