चहा आणि रोजची डोकेदुखी

(सुरतेलगतच्या भेस्तान येथे खानदेशी यंत्रमाग कामगार व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना सोडते आणि पुढचे स्थानक भेस्तानचे येते. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली आपली माणसे उधना, पांडेसरा, लिंबायत येथे जशी आहेत, तशीच या परिसरातही आहेत. आज आपल्यापैकी काहींशी बोलताना एक तक्रार वारंवार कानी आली. "रोज डोकं दुखस," आणि लगेच पुढे, चहा घेतला की उतरते. मी वैद्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर व प्रसिद्धी खात्यातील नोकर आहे. परंतु या तक्रारीचा उत्तरार्ध मला विचार करण्याजोगा वाटला, कारण तो माझाही अनुभव होता.

कित्येक वर्षे माझे डोके नेमके रविवारी दुपारी दुखे. कचेरीच्या दिवशी पहाटे सहाला पहिला चहा होई आणि दिवसभरात सहा-सात कप सहज होत. रविवारी उठण्यास नऊ वाजत व पुढचे चहाही चुकत. मी दोष पित्ताला दिला, डोळ्यांना दिला, चष्माही बदलून पाहिला. चहाकडे मात्र माझे लक्ष गेले नाही. तो तर माझ्या लेखी औषध होता.

चहा-कॉफीत कॅफीन नावाचे द्रव्य असते. रुंग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८१९ साली कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. मेंदूत थकव्याची व झोपेची सूचना देणारे ॲडेनोसिन नावाचे द्रव्य तयार होत असते. कॅफीन त्याची जागा अडवते. म्हणून तरतरी येते. त्याच वेळी मेंदूच्या रक्तवाहिन्या किंचित आकुंचन पावतात. रोज असे होऊ लागले की शरीर त्या अडवणुकीशी जुळवून घेते. मग एखादे दिवशी चहा मिळाला नाही की ॲडेनोसिनचा जोर एकदम वाढतो, रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि डोके ठणकू लागते. अशा वेळी चहा घेतल्यास तासाभरात बरे वाटते. आपण समजतो, चहाने दुखणे घालविले. वस्तुतः चहाच्या सवयीनेच निर्माण केलेले दुखणे चहाने तात्पुरते थांबविले, एवढेच.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ सालच्या आवृत्तीत या दुखण्याची स्वतंत्र नोंद आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ दररोज २०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफीन घेणाऱ्याने ते थांबविले, तर २४ तासांच्या आत ही डोकेदुखी उद्भवते, असे तीत म्हटले आहे. एका भरल्या कपात साधारणतः ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन धरले, तर पाच-सहा कपांत ही मर्यादा गाठली जाते. मागावर अर्धा-अर्धा कप म्हणून घेतलेला चहा कोणी मोजत नाही, हीच अडचण आहे.

बारा तासांची पाळी करणाऱ्यास हे अधिक भोवते. दिवसपाळीची रातपाळी झाली की जेवणाबरोबर चहाच्याही वेळा उलटतात. रमजानच्या पहिल्या रोज्यास किंवा हरतालिकेच्या निर्जळी उपवासास डोके चढते, त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते. मात्र सारा दोष चहाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मागांचा खडखडाट, उकाडा, अपुरी झोप, पाणी कमी पिणे हीदेखील खरी कारणे आहेत. अर्धशिशीच्या काही रोग्यांना तर कपभर चहाने खरोखरच उतार पडतो.

खरा धोका गोळीचा आहे. मीटरवर मजुरी मिळविणाऱ्यास खाडा परवडत नाही. म्हणून तो टपरीवर चहा घेतो आणि शेजारच्या दुकानातून गोळी. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन घातलेले असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अशा मिश्र गोळ्या महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके महिन्यातील निम्मे दिवस दुखू लागते. मग माणूस आणखी गोळ्या घेतो. गोळीच्या वेष्टनावरील घटकांची नावे वाचावीत. वाचता येत नसल्यास मुलांकडून वाचून घ्यावीत.

चहा एकदम सोडू नये. मी तो प्रयोग करून तीन दिवस अंथरुणात काढले आहेत. दर चार-पाच दिवसांनी एक कप कमी करावा, पहिल्या चहाची वेळ सुट्टीच्या दिवशीही पाळावी, पाणी भरपूर प्यावे, झोपण्यापूर्वीच्या सहा तासांत चहा टाळावा. मला दोन कपांवर येण्यास महिना लागला. गोळ्या रोजच्या झाल्या असतील, तर त्या सोडण्याचा मार्ग डॉक्टरांनाच विचारावा. डोकेदुखी अकस्मात व असह्य झाली, तिच्याबरोबर ताप येऊन मान ताठरली, हातापायांतील शक्ती गेली, नजर अंधुक झाली किंवा बोलणे अडखळू लागले, तर चहाचा हिशेब करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

मी येताना आखलेली काही पाने आणली आहेत. तारीख, चहाच्या वेळा, डोके दुखल्याची वेळ आणि घेतलेली गोळी असे चार रकाने त्यांत आहेत. ती महिनाभर भरावीत व दवाखान्यात जाताना बरोबर न्यावीत. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची पाने भरून देण्याचे येथील शिक्षक बंधूंनी मान्य केले आहे.