ग्लिसरीन घेताना

थंडी पडली की आमच्या बचत गटात टाचांच्या भेगांचा विषय निघतोच. परवा बैठकीत मी सांगितलं, की ग्लिसरीन आणि सॉर्बिटॉल दोन्ही अल्कोहोलच्या कुळातली. एक आजी लगेच म्हणाल्या, "म्हणजे आम्ही पायाला दारू लावतो होय गं?" नाही हो आजी, नुसतं कुळ एक, नशा नाही! सॉर्बिटॉल करतात मक्याच्या स्टार्चपासून, ग्लिसरीन निघतं खोबरेल, पामतेल अशा तेलांतून. दोन्ही चवीला गोड आणि पाणी धरून ठेवणारी.

पण ते पाणी येतं कुठून? हवा दमट असेल तर हवेतून. कोरड्या थंडीत मात्र निव्वळ ग्लिसरीन कातडीच्या खालच्या थरातलंच पाणी वर ओढतं. "लावलं आणि जास्तच खरखरीत झालं," असं बायका सांगतात ते त्यामुळे. म्हणून पाण्यात मिसळून, अंघोळीनंतर ओलसर अंगावरच लावा, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवा. तेल ओल उडू देत नाही. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा.

तेलात कॉस्टिक घालून आपण साबण करतो ना, त्यातही ग्लिसरीन आपोआप तयार होतं आणि वडीतच राहतं. मोठे कारखाने ते बहुतेक वेळा वेगळं काढून विकतात.

साबणापाठोपाठ आम्हाला क्रीमचा परवाना मिळाला. तेव्हा एक जण सुट्टं ग्लिसरीन निम्म्या भावात घेऊन आला. कॅनवर लेबल नाही. दोघीतिघींना मोह झाला. मी त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातली गोष्ट सांगितली. १९८६ साली तिथे औषध म्हणून ग्लिसरीन पाजलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं विष होतं. दिसायला ग्लिसरीनसारखंच, चवीलाही गोड. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. ते पोटात गेलं होतं, आपलं अंगाला लावायचं, हा फरक आहेच. पण क्रीम ओठांना लागतं, तान्ह्या बाळाच्या गालालाही लागतं.

कॅन परत गेला. आता आम्ही 'आयपी' लिहिलेलं, म्हणजे भारतीय औषधसंहितेच्या कसोटीचं, बॅच नंबर असलेलं ग्लिसरीन घेतो, पावतीसकट. डबीमागचा नफा घटला. त्यावरून दोघी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.